शेवग्यावर पसंत केलेलं मशीन

रविवार, संध्याकाळ

चिपर मशीन ठरलं. म्हणजे रमेशदादानं ठरवलं. थोरला चुलतभाऊ, धंद्यात पैसा त्याचा, म्हणून शब्दही त्याचाच. झाडावर मी चढतो, फांद्या मी छाटतो, आणि त्यांचा भुसा करणारं आमचं पहिलं मशीन निवडतो तो.

काल रामदासपेठेतल्या कामावरून चिंचेची मनगटाएवढी फांदी मुद्दाम आणली होती. सकाळी ती स्कूटरला बांधून दुकानात नेली. आम्हाला छाटायला मिळते ती चिंच, नाहीतर कडुनिंब. मशीन त्याच्यावरच पाहायला नको? पण दुकानदारानं शेवग्याच्या ओल्या फांद्या आधीच रचून ठेवल्या होत्या. तो एकेक टाकत गेला, भुसा उडत गेला.

"पाहून राहिला ना गा? लोण्यावानी कापते," दादा म्हणाला.

मी म्हटलं, "एकदा ही चिंच टाकून पाहू."

"काहून? माह्यावर भरोसा नाही का तुले?" दादा हसला, दुकानदारही हसला. दादानं लगेच बयाणाही दिला. मी फांदी परत स्कूटरला बांधली. का बांधली? मशीनच्या तोंडात का नाही कोंबली?

घरी बायकोनं विचारलं, "ही फांदी परत काहून आणली जी?" शेवग्यावर मशीन पसंत केलं म्हटलं तर हसेल ती. शेंगा काढताना शेवग्याची फांदी तर तीही हातानं मोडते.

पहिल्याच चिंचेत मशीन अडकेल, तेव्हा दादा चारचौघांत मलाच विचारेल, "तू होता ना गा सोबत?"

होतो ना. फांदीसकट होतो.