बधिर केलेला गुडघा

मिस्टर एव्हारिस्तो,

काल फोनवर तुम्ही हसलात, "तुल्यो, क्लबचा मॅनेजर झालास की दाई?"

तुम्ही माझे मॅनेजर होतात तेव्हा माझा सुजलेला गुडघा इंजेक्शनने बधिर करून तुम्हीच मला फुटबॉलच्या फायनलला उतरवलंत. "मधल्या फळीत तू नसलास तर मेलो आपण," म्हणालात. कप तुम्ही उचललात. माझा खेळ तिथेच संपला.

रविवारी क्लबच्या अध्यक्षांनी आमच्या तरुण खेळाडूच्या, मिर्कोच्या दुखऱ्या गुडघ्यात तेच टोचायला सांगितलं. मी त्याला बाकावरून उठूच दिलं नाही. आम्ही हरलो आणि मला काढून टाकलं.

आज मिर्को मला स्टेशनवर पोचवायला आला. माझी जड बॅग घेऊन, विश्रांतीने सावरलेल्या गुडघ्याने जिना धडाधड चढून गेला. मी कठडा धरून एकेक पायरी चढत तुम्हाला शिव्या घालत होतो.

हे पत्र टाकणार नाही. तुम्ही पुन्हा हसाल, आणि ते मी आता ऐकून घेणार नाही.

तुमचा एकेकाळचा आठ नंबर,
तुल्यो