वाटून टाकलेली डेझी

मनीषनगर, नागपूर
१९ जानेवारी २०२५

चि. सौ. कामिनी,

अनेक आशीर्वाद. अश्विनभाऊजींचा खोकला गेला का? इकडे सगळे बरे आहोत, म्हणजे आई सोडून. त्यांच्या मनगटाचं प्लास्टर अजून तीन आठवडे राहील. थंडी यंदा बेताचीच आहे. तू पाठवलेली शाल त्या दिवसभर अंगावरून काढत नाहीत. मी दोन वर्षांपूर्वी विणलेला स्वेटर ट्रंकेत आहे, तोही बरा आहे.

पत्र काहून, फोन काय मेला आहे, असं म्हणशील. फोनवर बोलताना आई शेजारीच असतात. आणि तुझा आवाज ऐकला की मी गोड गोड बोलायला लागते, ही माझी जुनी खोड.

काल तू म्हणालीस, "वहिनी, तुम्ही फार दमलात. आईंना आता माझ्याकडे हैदराबादला पाठवा." मी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. मग पातेलं असं आपटलं की हे पेपर टाकून धावत आले. तुझ्या बोलण्यात खोट नव्हती, मला माहीत आहे. तेच तर सहन होत नाही. पण आईंना न्यायचं की नाही ते ठरवण्याआधी तुला काही गोष्टी कळायला पाहिजेत.

डिसेंबरात मी ज्या डेझीचा फोटो पाठवला, तू त्यावर ओळीनं लाल बदाम धाडलेस, ती फुलं आपली नाहीत. समोरच्या पुष्पलताबाईंची आहेत. आपल्या वाफ्यात यंदा मेथी आहे.

आता मागचं सांगते. आपण दोघी जावा इथे एकत्र होतो तेव्हा तू कुठल्याशा फुलांच्या प्रदर्शनातून बियांची पुडी आणलीस आणि ओट्यापासून तुळशीपर्यंतच्या वाटेला दोन्ही बाजूंनी डेझी लावलीस. पुढच्या वर्षी तुम्ही हैदराबादला गेलात. तेव्हापासून दर मार्चमध्ये वाळलेली बोंडं खुडून, चोळून, बी राखेत घालून डब्यात कोण ठेवत होतं? मी. सप्टेंबरात रोपं कोण करत होतं, गोगलगाई कोण वेचत होतं? मीच. आणि येणारा-जाणारा फाटकातच म्हणायचा, "वा, कामिनीची डेझी काय फुलली आहे!"

तेही चाललं असतं. पण आईंचा काचबिंदू वाढला, रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी हात टेकले. माणसाचा चेहरा त्यांना दिसेना, पण काळ्या मातीवरचं ते पांढरं दिसायचं. त्या दोन पांढऱ्या रांगांच्या मधून त्या सकाळी एकट्या तुळशीला पाणी घालायला जायच्या. हिवाळ्याचे तीन महिने. बाकीचे नऊ महिने माझा हात धरून. एकदा मला म्हणाल्या, "सुभद्रे, तुह्यं तोंड मले धुरकट दिसते वं, पण कामिनीचे फुलं कसे लख्ख दिसून राहिले!"

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला, कामिनी. फुलांवर जळणारी बाई तू पाहिली नसशील. मी भिवापूरची, आमच्याकडची मिरची गावभर झोंबते, पण त्या दिवशी ती मलाच झोंबली. नऊ महिने धरलेला हात कोणाला दिसत नाही आणि तू एकदा टाकलेली पुडी आंधळ्या बाईलाही दिसते!

गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. तुम्हाला यायला जमलं नाही. कनिष्ठेला तू पाठवलेलं पातळ नेसवायचं, हे आईंनी तीनदा बजावलं. ज्येष्ठेला मी आणलेलं होतं, त्याचा काठ कोणी हात लावून पाहिला नाही. संध्याकाळी गल्लीतल्या बाया हळदीकुंकवाला आल्या. मी डबा उघडला आणि चिमूट चिमूट बी कागदाच्या पुड्यांत बांधून एकेकीच्या ओटीत घातलं. डबा झटकून रिकामा केला. म्हटलं, जाऊ दे, घरोघरी फुलू दे, मग कोण म्हणतं कामिनीची ते पाहू. बाया तर खुशच. "सुभद्राताई, मन मोठं वं तुमचं!" मला असं वाटलं की जेवण नको, काही नको, हेच ऐकत राहावं.

आणि झालं माझ्या मनासारखं. आज आपल्या गल्लीत अकरा घरी डेझी आहे आणि सगळे तिला सुभद्राताईंची डेझी म्हणतात. फक्त सुभद्राताईंच्या दारात नाही.

आता खरं सांगते. आई न्हाणीघरात घसरल्या नाहीत. मी खोटं बोलले. ह्यांनाही तेच सांगितलं आहे.

डिसेंबर लागल्यापासून त्या रोज विचारायच्या, "फुलले का वं?" मी म्हणायची, थंडी पडू द्या. रोज तेच. एका दुपारी मी भाकरी थापून राहिली होती, हात पिठात, आणि त्यांनी पुन्हा विचारलं. मी ओरडले, "हो, फुलली तुमच्या कामिनीची फुलं! झालं समाधान?" दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तेव्हा त्या तांब्या घेऊन एकट्याच निघाल्या. पांढरं शोधत. ओट्याच्या कडेवरून पाय सुटला. तांब्याचा आवाज मी वरून ऐकला.

दवाखान्यात प्लास्टर ओलं होतं, हे औषधं आणायला गेले होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं ओकले. बी वाटलं तेही. आई म्हणाल्या, "मले मालूम आहे. मी तिथंच तं बसली होती. डोळे गेले माह्ये, कान नाही गेले."

"मग तेव्हाच अडवलं काहून नाही मला?"

"सगळ्या बाया तुले चांगलं म्हणून राहिल्या होत्या. म्हटलं, ऐकू दे पोरीले. या घरात कोण म्हणते तुले? मीबी नाही म्हणत."

मग म्हणाल्या, "अन् चार दाणे तू मागं ठेवले असशीन, असं वाटलं मले."

नव्हते ठेवले, कामिनी. एक दाणासुद्धा नाही.

अश्विनभाऊजींना हे वाचून दाखव. ह्यांना मी आज संध्याकाळी सांगणार आहे. मग तुम्ही ठरवा. अशा बाईच्या हाती आईला ठेवायचं नाही म्हणालात तर मी तोंड वर करून बोलणार नाही, बॅग भरून देईन. कोणती गोळी कधी, ते कागदावर लिहून ठेवलं आहे. वरण पातळ लागतं. अंघोळीचं पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घेऊन बघ.

पण मनातलं विचारशील तर मला त्या द्यायच्या नाहीत. तुला तर मुळीच नाही. तू चार दिवसांत त्यांची लाडकी होशील, नव्हे, आहेसच, आणि मी इथे रिकाम्या ओट्याकडे बघत जळत बसेन. पत्र लिहितानाही जळतेच आहे, अक्षरावरून कळलं असेल.

काय ते कळव. फक्त दवाखान्यात त्या जे बोलल्या, ते त्यांच्यापाशी कधी काढू नकोस. ते त्या मला म्हणाल्या. त्यात तुझं नाव नव्हतं.

तुझी मोठी जाऊ,
सुभद्रा