ह्यांच्या नावचा चौथा वाटा

मी, मोटार वाइंडिंग करणाऱ्या कारागिराची विधवा, वय एकाहत्तर. गुडघे सोडले तर बाकी शाबूत आहे. डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहिते.

१. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव मुलीला. जावईबापूंनी पुस्तकांचं कपाट रद्दीत घालू नये. त्यातल्या पुस्तकांवरच मी आपली आपण वाचायला शिकले.

२. वाइंडिंगचं यंत्र आणि हत्यारं धाकट्या दिरांना. ह्यांच्याशेजारी बसून तारा गुंडाळायचे ते.

३. दोघा भावांनी मिळून एक टोकन काढलं होतं, मोबाइलवरून देवघेव होणारं डिजिटल नाणं. दर व्यवहारामागे शुल्क कापलं जाई आणि त्याचे आपोआप चार वाटे होत. दोन सगळ्या टोकनधारकांना, तिसरा खरेदी-विक्रीच्या सामाईक निधीत, चौथा देखभालीच्या खर्चासाठी ह्यांच्या ताब्यातल्या खात्यात. ते खातं बारा शब्दांच्या किल्लीशिवाय उघडत नाही. हे अचानक गेले. चौथा वाटा साचत राहिला. सगळ्यांना दिसे, पण हलेना. लोक म्हणाले, किल्ली धाकट्याकडेच आहे, संधी साधून पळणार. दिरांचं दुकान बसलं.

"वहिनी, ते बारा शब्द लिहिलेला दादाचा कागद कुठं दिसला का हो?"

"नाही हो, भावजी."

तेव्हा खरंच दिसला नव्हता. चार महिन्यांनी यंत्राच्या झाकणात आतून चिकटवलेला सापडला. मी तो परत होता तसा चिकटवला. रोज संध्याकाळी मोबाइलवर तो आकडा बघायचे. थोडा वाढलेला असे. हे अजून कामावर जातात, कमावून आणतात, असं वाटे. तीन वर्षं तसंच चालू दिलं.

~~४. कागद माझ्या पश्चात दिरांना द्यावा.~~

हे वाचून दाखवलं तेव्हा शेजारची शिंपीण भडकली. "म्हणजे तुम्ही मरेपर्यंत त्यांनी चोर म्हणूनच फिरायचं? छान हो!"

कलम चार मी स्वतः खोडलं आहे. दिरांना बोलावून कागद आजच हातात दिला. ह्यांचं अक्षर ते बराच वेळ बघत राहिले. "तीन वर्षं, वहिनी?" एवढंच म्हणाले. चहा तसाच ठेवून गेले.

कलम तीन सगळ्या टोकनधारकांना वाचून दाखवावं. मी जिवंत असतानाच.

५. मोबाइल मुलीने आत्ताच घेऊन जावा. खातं उघडलं, देखभालीचा खर्च सुरू होईल, आकडा आता उतरत जाईल. ते मला बघवणार नाही.

स्थळ: राहतं घर, यंत्राची खोली
दिनांक: १७ नोव्हेंबर, दुपारी
लिहून देणार: सही
साक्षीदार: शेजारची शिंपीण, सही, दवाखान्यातले डॉक्टर, सही