परवा म्हणजे कधीचं परवा

मी, खाली सही करणारी, वय वर्षं चोपन्न, राहणार थिएटरच्या मागच्या गल्लीत जिन्यावरच्या खोलीत, धंदा थिएटरच्या खुर्च्यांच्या गाद्या शिवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. छाती नाही. तिच्यात काथ्या आणि कापूस बसला आहे, आणि डॉक्टर अलीकडे माझ्याशी गोड बोलू लागलेत, त्यावरून काय ते समजलं. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा अजून जन्मायचा आहे. वकिलाने मजकूर करून दिला होता, पण त्यात मी कुठेच सापडेना, म्हणून बाजूला ठेवला. शाळा चौथीपर्यंत. चुका माझ्याच धराव्यात.

१. अवजारं. वाकड्या सुया, दाभण, कात्री आणि मोठी हातोडी शेजारच्या रजया शिवणाऱ्या बाईला द्यावी. लहान हातोडी तिच्याकडेच आहे. सहा वर्षांपूर्वी "आत्ता आणून देते" म्हणून नेली होती.

२. खोली. ही माझ्या कमाईची, वडिलोपार्जित नाही. तिचं शेवटी लिहीन. धाकटी बहीण दाराआड उभी आहे, सावली दिसते. नवरा गेल्यापासून सहा वर्षं ती माझ्याकडे राहते, आणि मी ही खोली तिला दिली नाही तर तिला दुसरं छप्पर नाही. उभी राहू दे. उभं राहणं म्हणजे काय, ते तिला कळू दे.

३. बँकेत आहे त्यातून माझं शेवटचं उरकावं. उरलं तर उरलं.

४. चित्रपट. मृत्युपत्रात चित्रपट कशाला, असं वकील म्हणाला. म्हटलं, जे माझ्याकडे आहे ते वाटायचं ना? मग हेही माझ्याकडेच आहे.

आमच्या थिएटरला वर्षातून एकदा तो जुना प्रेमाचा चित्रपट लागतो. अजरामर म्हणतात त्याला. आधी ती एका मासिकातली गोष्ट होती, आणि गोष्ट लिहिणारा आधी छापखान्यात जुळारी होता. तो छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा, मी खिळे ठोकायची. यावरून आम्ही पुष्कळ हसलो होतो. चोवीस वर्षांची होते मी. घरात आई अंथरुणाला खिळलेली, म्हणजे तिसरे खिळे तिथे. वडील आधीच गेलेले. दुसऱ्या गावी त्याला नोकरी लागली. आईलाही पुढे तिकडेच नेऊ, असं त्याने कबूल केलं होतं. जायचा दिवस चिठ्ठीने कळवतो म्हणाला.

चिठ्ठी धाकटीने मला मंगळवारी संध्याकाळी दिली. "परवा सकाळी सहाला स्टँडवर. थांबेन." एवढंच. दिवसभर दुसऱ्यांच्या तारखा जुळवणाऱ्या माणसाने स्वतःच्या चिठ्ठीवर तारीख घातली नाही. मंगळवारचं परवा म्हणजे गुरुवार. गुरुवारी पत्र्याची ट्रंक घेऊन मी सहाच्या आधी स्टँडवर गेले. बारापर्यंत उभी राहिले. बसले नाही, बसले तर दिसणार नाही म्हणून. मग ट्रंक घेऊन परत आले आणि आईचं अंथरूण बदललं.

सात वर्षं मी त्याला शिव्या घातल्या. मग चित्रपट आला. पहिल्या खेळाला मी मागच्या रांगेत उभी होते. पडद्यावर नायक सोमवारच्या बाजारात नायिकेच्या लहान बहिणीच्या हातात चिठ्ठी देतो. ती पोरगी पायऱ्या धावत चढते आणि तशीच नेऊन देते. नायिका घराण्याच्या अब्रूसाठी खिडकीत उभी राहून चिठ्ठी फाडते. बुधवारी तो तीन गाड्या सोडतो आणि चौथीत बसतो. अख्खं थिएटर रडत होतं. पुढची बाई म्हणाली, "दगड गं दगड! यायचं नव्हतं तर नादी कशाला लावलं?"

मी रडले नाही. मी बोटं मोजत होते. सोमवार, मंगळवार, बुधवार.

धाकटी माहेरी आली तेव्हा विचारलं.

"चिठ्ठी त्याने सोमवारी दिली होती ना?"

"कुठली चिठ्ठी?"

"डोळे मोठे करू नकोस, लहान होतीस तेव्हा चालून जायचं."

"एकच दिवस तर ठेवली, ताई. तू गेली असतीस तर आईचं कोणी केलं असतं? मी? माझं लग्न ठरत होतं."

"तो आईला नेणार होता."

"असं सगळेच म्हणतात."

"मग दिलीस तरी कशाला? चुलीत घालायची होतीस."

"पाप लागलं असतं." आणि मग वर म्हणते, "परवा म्हणजे कधीचं परवा, हे तू तरी कुठे विचारलंस?"

खरं आहे. नाही विचारलं. त्या चिठ्ठीनंतर तीन महिन्यांत ती लग्न करून गेली होती. आईचं मी अकरा वर्षं केलं.

५. त्याला सांगितलं का नाही, असं कोणी विचारेल म्हणून लिहिते. चित्रपटाला वीस वर्षं झाली तेव्हा तो थिएटरात आला होता. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची फाटली होती, मी तिला खिळे मारत होते. आमच्या कामात खिळे तोंडात धरतात, हात मोकळे राहतात. तो मागे येऊन उभा राहिला. केस पांढरे, आवाज तोच.

"मावशी, झाली का खुर्ची?"

माझ्या तोंडात आठ-नऊ खिळे. मान हलवली. खिळे हातावर काढेपर्यंत त्याला मंचावर नेलं होतं. भाषणात म्हणाला, "ती आली नाही, म्हणून मी लेखक झालो." टाळ्या पडल्या. मी म्हटलं, बरं, कोणाचं तरी काहीतरी झालं. आणि घरी गेले. गेल्या वर्षी तो वारला. पेपरात तेच वाक्य छापलं होतं.

६. चिठ्ठी. मी ती फाडलेली नाही, फाडली ती पडद्यावरच्या बाईने. चिठ्ठी त्याच मधल्या खुर्चीच्या गादीत शिवली आहे. गादी फाटली तर वरून ठिगळ लावावं, उसवू नये. थिएटर पाडलं तर खुर्चीसकट जाऊ द्यावी.

७. आता खोली. जिन्यावरची खोली भांड्यांसह मी धाकट्या बहिणीला देत आहे. पण किल्ली लगेच देऊ नये. मी गेल्यावर तिने माझी पत्र्याची ट्रंक घेऊन सकाळी सहा ते दुपारी बारा स्टँडवर उभं राहावं. बसू नये. दोन्ही साक्षीदारांनी लक्ष ठेवावं, आणि मगच किल्ली द्यावी.

एवढं लिहून झालं आणि ती आत आली. हातात औषध.

"ताई, सहा वाजले."

"ठेव तिथे."

"ठेवणार नाही, घे माझ्यासमोर. माझं काय लिहिलंस?"

"मेल्यावर कळेल."

"मेल्यावरचं मेल्यावर," म्हणाली, आणि चमचा पुढे केला.

औषध दिवसातून चार वेळा. पाच महिने झाले. तिने एकदाही उशीर केलेला नाही, पाच मिनिटांचासुद्धा नाही. मी आजवर हे मोजलं नव्हतं. आज मोजलं.

८. सबब कलम ७ मधलं "पण किल्ली" पासून "मगच किल्ली द्यावी" पर्यंतचं मी स्वतः एका रेघेने खोडलं आहे आणि बाजूला सही केली आहे. किल्ली तिला त्याच दिवशी, त्याच घटकेला द्यावी. माफ केलं असं कोणी समजू नये. खोडलं आहे. खोडलेलं वाचता येतं, ते तसंच राहू द्यावं. तिला वाचता येतं.

हे मी लिहिलं, पुन्हा वाचलं, बरोबर आहे.

साक्षीदार पहिला: थिएटरचा मशीनवाला. (सही)
साक्षीदार दुसरी: तिकीट खिडकीवरची बाई. (सही)
दोघांच्या देखत मी सही केली, माझ्या देखत त्यांनी केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे आधीच सांगितलं आहे.

ठिकाण: जिन्यावरची खोली.
तारीख: बुधवार, २ फेब्रुवारी २००५. अक्षरी, दोन फेब्रुवारी दोन हजार पाच. आज, आणि आजच.

(सही)