सूनबाईचे कप आणि माझी प्रसिद्धी

तीर्थरूप अक्का,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (वाकताना कंबर धरते, तेव्हा निम्मा मनात समजून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? दाजी अजून सगळं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतात का? इकडे सगळे खुशाल आहोत. मध्ये काही दिवस मी प्रसिद्ध होतो, पण आता बरा आहे. ती हकिकत तुला दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच कळवावी म्हणून हा पत्रप्रपंच.

सूनबाईने ऑफिस सोडून मातीकाम धरलं हे तुला ठाऊकच आहे. गॅरेजमधली गाडी बाहेर गेली आणि आत चाक आलं, भट्टी आली, फळ्यांवर कपच कप आले. वर्षभर करून बघते, नाही चाललं तर मुकाट्याने परत नोकरीला जाईन, असं तिचं तिनेच ठरवलं होतं. वर्ष सरत आलं आणि फळ्या भरलेल्याच. बरं, पोरीच्या हातात जादू आहे, पण तोंडात शब्द नाही. पाहुणे आले की ही चाकापाशी जाऊन बसते. चिरंजीव म्हणाले, हल्ली धंदा करायचा तर सोशल मीडियावर असावंच लागतं, आणि त्यांनी तिला पेज उघडून दिलं. तिने पहिला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "कप." दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो. खाली, "आणखी एक कप." जाहिरातीच्या इतिहासात एवढी काटकसर कुणी केली नसेल. त्याला चौघांनी पसंती दिली, त्यातले तिघे आम्ही घरचेच होतो.

मग मी म्हटलं, आण तो फोन इकडे. माझी अख्खी नोकरी पाणीखात्याच्या तक्रार विभागात गेली, हे तू विसरली नसशील. आमच्याकडे नियम असा, की आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर जायचं, तेही आलेल्या क्रमाने आणि अदबीने, मग लिहिणारा कितीही पेटलेला असो. मी पेजवरही तोच नियम लावला. एका बाईंनी निळ्या वाडग्याखाली नुसत्या आगीच्या ज्वाळा काढून पाठवल्या. मी कळवलं, की आग भट्टीपुरतीच असून आटोक्यात आहे, जवळ वाळूच्या बादल्या भरून ठेवल्या आहेत, काळजी नसावी. एका गृहस्थाने लाल बदाम पाठवला. त्यांना लिहिलं, की आपल्या भावना कारागिराच्या पतीपर्यंत पोचवल्या आहेत. एका मुलीने लिहिलं, "मेले मी हा रंग बघून." मी तिच्या कुटुंबीयांचं सांत्वन केलं आणि रंगात विषारी काही नसल्याची हमी दिली.

अक्का, यानंतर जे झालं त्याने मी तोंडात बोट घातलं ते अजून बाहेर यायचं आहे. लोक माझ्या उत्तरांचे फोटो काढून एकमेकांना पाठवायला लागले. सकाळी दात घासून येईपर्यंत गावभर माणसं जमलेली असत. ती सगळी त्या तळहाताएवढ्या काचेच्या आत, आणि चपला मात्र दारात एकही नाही. कुणी विचारी, आजोबा, आमचा नळ गळतोय. कुणी विचारी, सासूशी पटत नाही, काय करू. जगाच्या पार दुसऱ्या टोकाचा एक माणूस, जिथे आपली सकाळ म्हणजे त्याची संध्याकाळ, त्याने मला त्याच्या मोरीची तोटी दाखवली आणि मी इथे खुर्चीत बसून ती बंद करून दिली. उभ्या नोकरीत मला कुणी आभाराचं कार्ड पाठवलं नाही, आणि हा माणूस बायकामुलांना घेऊन कॅमेऱ्यासमोर हात हलवत होता. मला गहिवरून आलं. खरं सांगतो, विज्ञानाने एवढी मजल मारली असेल याची मला कल्पनाच नव्हती.

चिरंजीव म्हणाले, आता लोकांना चेहरा दाखवा. मी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कप धरून उभा राहू लागलो. (कोणता कप ते विचारू नकोस, जो हाताशी येईल तो.) हरभऱ्याच्या झाडावर मी एकदा चढलो की शेंड्यापर्यंत जातो, हे आई म्हणायचीच. जेवताना मी आकडे वाचून दाखवी, आज इतके फॉलोअर, काल इतके. सूनबाई ऐकून घेई आणि पानातलं संपवून उठे. ऑर्डरी मात्र तेवढ्याच होत्या. माणसं माझ्याशी गप्पा मारायची, हसायची आणि कप न घेता जायची. ते काही मला दिसलं नाही.

मग एका रविवारी एक जोडपं पत्ता शोधत थेट गॅरेजपर्यंत आलं. मी खूश. दोघांनी मला मध्ये घेतलं. त्या बाईंनी हातातल्या किल्ल्या समोरच्या एका नव्या कपात टाकल्या, फोन सूनबाईच्या हातात दिला आणि म्हणाल्या, एक काढता का आमचा आजोबांबरोबर? तिने काढला. चांगला काढला, प्रकाश बघून काढला. मग बाईंनी किल्ल्या उचलल्या आणि ती दोघं हसत हसत गेली. कपाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. सूनबाईने तो कप उचलला, आतून अंगठ्याने पुसला आणि जागेवर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "लोक तुम्हाला बघायला येतात. माझे कप मध्ये मध्ये येतात." आणि थोड्या वेळाने, "ऑफिसचा फोन आला होता. एक तारखेपासून या म्हणाले. मी हो म्हणणार आहे."

रागावली असती तर मी उत्तर दिलं असतं, रागाची मला सवय आहे. पण ती रागावलेली नव्हतीच. मला लाज वाटली, अक्का. पोरीच्या दुकानासमोर तंबू ठोकून मी माझाच तमाशा लावला होता आणि वर तिलाच गर्दी मोजून दाखवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी शर्ट कपाटात ठेवला आणि तिला म्हटलं, तू काम कर, मी फक्त तुझे हात टिपतो, तोंड उघडणार नाही. ती कपांना कान लावत होती. इतके दिवस त्या खोलीत वावरून मी हे कधी नीट बघितलंच नव्हतं. ओल्या मातीची वळी घेते, वाकवते आणि डोळे मिटून रिकाम्या हवेत ती अशी धरते, जणू भरलेला कप उचललाय. पुन्हा वाकवते, पुन्हा धरते. मी विचारलं (शपथ मोडली, पण आवाज बारीक होता), डोळे का मिटतेस? तर म्हणाली, ज्याच्यासाठी आहे त्याचा हात आठवते. घरातले कप तिने असेच केलेत. चिरंजिवांचा कान अरुंद, कारण ते दोनच बोटांनी धरतात. आणि माझा रुंद, खालून टेकू असलेला, कारण माझं मधलं बोट वळत नाही. अक्का, मी तो कप वापरायला लागल्यापासून मला वाटत होतं की माझं बोट सुधारलं. डॉक्टरांच्या मलमाचं मी चारचौघांत कौतुक केलं होतं. बोट होतं तसंच आहे, कान तेवढा वेगळा होता. मी कॅमेरा धरून तसाच उभा राहिलो आणि मला पुढचं नीट दिसेना.

तेवढा तुकडा मी पेजवर टाकला आणि खाली एवढंच लिहिलं, की मला वाटलं होतं माझं बोट सुधारलं. विनोद नाही, सल्ला नाही. पाच-पंचवीस जणांनी पाहिलं असेल, गर्दीला त्यात काही रस नव्हता. पण एकीने लिहिलं, माझ्या वडिलांचा अंगठा कारखान्यात गेला, त्यांना कप धरता येईल का? मी सवयीने "आपलं पत्र मिळालं" असं लिहायला घेतलं, तर सूनबाईने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि स्वतः लिहिलं, "हात कागदावर ठेवून पेन्सिल फिरवा आणि पाठवा."

आता ये आणि बघ. गॅरेजच्या भिंतीवर हातच हात आहेत. संधिवाताने वाकडे झालेले, चार बोटांचे, डावखुऱ्या पोराचा एक, एका माजी वादकाचा एवढा लांब की दोन कागद जोडावे लागले. पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारी आमची सूनबाई अनोळखी लोकांना दिवसभर लिहीत असते, मनगट दुखतं का, गरम लागतं का, सकाळी जास्त की संध्याकाळी. मी त्या भिंतीसमोर उभा राहतो तेव्हा एवढ्या माणसांनी आपल्या घरात हात वर केल्यासारखं वाटतं. फळ्या रिकाम्या झाल्या. ऑफिसला तिने नाही कळवलं, तेही फोन करून, चक्क बोलून. माझे निम्मे फॉलोअर निघून गेले. मी खोकी बांधतो आणि वर "नाजूक" असं लिहितो.

असो. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. मूळ काम राहिलंच. सोबत दोन कोरे कागद आणि पेन्सिल पाठवतो आहे. एकावर हात ठेवून कडेने पेन्सिल फिरव आणि उलट टपाली पाठव. का ते विचारू नकोस, सूनबाईने मागितलाय.

ता. क. २. चहा सोडला असं तू चिरंजिवांच्या लग्नात म्हणालीस आणि मी मूर्खासारखा विश्वास ठेवला, वर तुझ्या मनोनिग्रहाचं कौतुकही केलं. सूनबाई त्या दिवशी नवीन नवरी होती, तरी तिने बघितलं की तू हात पदराखाली धरून बसली होतीस. मी मग तुझ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, आई चहा घेते, पण स्वयंपाकघराचं दार लावून, वाटीने, दोन्ही हातांनी.

ता. क. ३. दुसरा कागद दुसऱ्या हातासाठी आहे. रेघ हलली तर हलू दे, खोडू नकोस. ती म्हणते, हललेलीच हवी.