दिवा विझल्यावरचा हिरवा उजेड

सोमवार
आले बाई एकदाची! मामाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, आईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. खोली ऐसपैस आहे, फक्त सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास. येणारच, त्याच पदार्थाचे काचेसारखे नितळ स्फटिक इथे वाढवतात. स्फटिक गार करून मोठ्या चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये ठेवायचा, त्यावर झगझगीत दिव्याचा झोत टाकायचा, दिवा बंद करायचा आणि मागे उरलेला हिरवा उजेड किती टिकतो ते मोजायचं. चुंबकाचा जोर वाढवला की तो उजेड बदलतो. का बदलतो, ते शोधता शोधता मामाला टक्कल पडलं.

बुधवार
अंधारात नजर बसावी म्हणून मामा रोज सकाळी माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालतो, स्वतःच्या हाताने. लोक नुसतं म्हणतात डोळ्यांत तेल घालून काम करा, इथे खरंच घालतात! जरा झोंबतं. मग मी स्फटिक बसवून त्याच्याकडे बघत चुंबकापुढे हनुवटी टेकवून बसते, मामा बाहेरून दिवा चालवतो आणि यंत्रावर उजेड मोजतो. माझ्याआधीची मुलगी कंटाळून गेली म्हणे. मला तर मजा वाटते.

शनिवार
वेंधळी ती वेंधळीच मी. आज स्फटिक बसवायलाच विसरले. आता बोलणी बसणार म्हणून बाहेर आले, तर मामा खुशीत. आजचा उजेड सगळ्यात जास्त टिकला म्हणाला.
पण जागा तर रिकामी होती. समोर फक्त मी होते. मग त्याने मोजलं काय?

रविवार
आरशासमोर उभी राहून दिवा मालवला. माझी बुबुळं हिरवी. विझेचनात.
सकाळपासून अक्षरंही धूसर दिसतायत. आईला फोन केला. ती रडवेली झाली. मामाने आधीच कळवलंय म्हणे, पोरीला डोळ्यांचा आजार जडलाय, भलतंसलतं बोलेल. त्याचंच ऐक म्हणाली.
माझ्याआधी फोन केला त्याने.

मंगळवार
थेंब नको म्हणाले. मामाने लाडाने डोकं कुरवाळलं, मग घट्ट धरलं. घातलेच.
दुपारी दाराआडून ऐकलं. काचेच्या नळ्या बनवणाऱ्या काकांना सांगत होता, "पोरीला कळू देऊ नका. हिचे डोळे अजून आठ दिवस पुरतील. मागचीचे एवढेही टिकले नव्हते."
काकांनी पुढची नळी आचेवर धरली.
ज्याने मला सायकल शिकवली त्यानेच केसाने गळा कापला. इतकी चीड येते की रडू आवरत नाही. आणि रडलं की गालांवर हिरवे ओघळ—

बुधवार
इमारतीचं दार बाहेरून बंद. कोठीत पिंपांमागे लपलेय. इथे दिवा नाही. तरी लिहिता येतंय, माझ्याच डोळ्यांच्या उजेडात.

आला. हाका मारतोय. लहानपणच्या लाडाच्या नावाने.

डोळे मिटले. उजेड पापण्यांतून—भिंत हिरवी—
हाताने दाबले तर बोटांमधून—

हाका थांबल्या. त्याला दिस—