नंबर दुर्राच्याच नावाने

केरकेना बेट
ता. ४ मार्च २००४

प्रिय रफीकावन्संना,
स. सलाम वि. वि.

फोन सासूबाईंच्या उशाशी असतो, म्हणून हे पत्र. इकडे सगळे खुशाल. तुमचे बंधू ऑक्टोपस धरायच्या मडक्यांत इतके गुंतलेत की मीही मडकं झाले तरच माझ्याकडे बघतील.

काळजी तुमच्या भाचीची आहे. दुर्राला सहावं लागलं, पण हाक मारली तर अजून वळत नाही. शाळेत घंटा झाली की कान दाबून बाकाखाली शिरते. कुणी ओढून बाहेर काढलं तर कपाळ भिंतीवर आपटते. काल एवढं टेंगूळ आलं. बाईंनी तिला घरी पाठवलं, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय आणू नका म्हणाल्या, आणि ‘स्वमग्नता’ असा शब्द कागदावर लिहून दिला.

सासूबाईंचं म्हणणं, आधी रफीकाचं लग्न होऊन जाऊ दे. नबीलच्या घरी कळलं तर ते विचारतील, या लोकांच्या रक्तात काय आहे. त्यांचं चुकतंय असं म्हणवत नाही, पण लेकीचं कपाळ बघितलं की धीर सुटतो. तुम्ही स्फाक्सच्या इस्पितळात गुपचूप विचाराल का? नाव दुसरंच कुठलं तरी सांगा.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
तुमची,
सोंदुस

स्फाक्स
ता. १६ मार्च २००४

लाडक्या वहिनीस,
स. सलाम वि. वि.

पत्र पोचलं. माझ्या भावाला तुझ्यासारखी बायको मिळाली, याचं मला अजून नवल वाटतं. त्याला सांगू नकोस.

इस्पितळात सहा महिने थांबा म्हणाले. मी कारखान्यातून उरलेली रजा घेतली आणि शिवण घेऊन तिथल्याच बाकावर बसले. तीन दिवस बसले. शेवटी खिडकीतली बाई वैतागली आणि कुणीतरी सोडलेली २२ एप्रिलची तारीख तिने मला दिली. नंबर दुर्राच्याच नावाने लावलाय. खोट्या नावाचा कागद दाखवून उद्या शाळा तिला घेईल का?

आणि ऐक, रागावू नकोस. नबीलच्या आईला मीच जाऊन सांगितलं. त्यांनी बदामाचं सरबत दिलं, गोड बोलल्या. तू त्याची चिंता करू नकोस.

आईला बरोबर आण. डॉक्टर तान्हेपणापासूनचं सगळं विचारतात. दुर्रा झाली तेव्हा तू वर्षभर आजारी होतीस, तिला आईनेच वाढवलं.

दुर्राला पापा; ती तो पुसून टाकेल, तरीही. तुझी माया आटू देऊ नकोस.
तुझी,
रफीका

केरकेना बेट
ता. १५ मे २००४

चि. रफीकास,
आईचे अनेक आशीर्वाद.

मी सांगते आहे आणि सोंदुस लिहिते आहे. मनचं काही घालायचं नाही, अशी तिला तंबी दिली आहे.

नबीलच्या आईने सरबत पाजलं आणि पंधरा दिवसांत लग्न मोडलं, हे तू लपवलंस. मला ते बाजारात कळलं. दोन दिवस मी सोंदुसशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तारीख होती, म्हणून बोटीत चढले.

तुला कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून सांगते. डॉक्टरीणबाईंनी दीड तास मलाच विचारलं. पहिल्यांदा कधी हसली, बोट दाखवून काही मागायची का, डोळ्यांत बघायची का. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की मला हे पहिल्या वर्षीच दिसलं होतं. दिसलं आणि मी गप्प बसले. बाई म्हणाल्या, स्वमग्नताच आहे. मी विचारलं, जाईल का? त्या म्हणाल्या, जाणार नाही, पण मुलगी शिकेल, आणि आजीलाही शिकावं लागेल.

(वन्सं, परतताना बोटीवर सासूबाईंनी माझा हात धरला, तो बेटाचा धक्का येईपर्यंत सोडला नाही. हे त्यांनी सांगितलेलं नाही. — सोंदुस)

कागद बघून शाळेने रोज दोन तास दुर्राला बसवायचं कबूल केलंय. सोमवारी आणि गुरुवारी तिकडे स्फाक्सला अशा मुलांच्या संस्थेत वर्ग असतो. तुझा भाऊ फेथी धक्क्यापर्यंत सोडायला येतो, आणि मुलीचा हात आता तोच धरतो.

नबील दोनदा तुझ्या दारात येऊन गेला म्हणे, आणि तू खाली उतरली नाहीस. उतरायचं की नाही, तुझं तू ठरव. मी त्यात पडणार नाही.

संस्थेने चित्रांच्या पट्ट्या दिल्यात. भाकरी, चप्पल, आंघोळ. घरच्या माणसांचे फोटोही चिकटवलेत. जे हवं त्याची पट्टी दुर्राने आपल्या हातात द्यायची. तीन आठवडे तिने सगळ्या नुसत्या ओळीने मांडल्या. आज सकाळी मी कणीक मळत होते. ती आली आणि एक पट्टी माझ्या ओल्या हातात ठेवून उभी राहिली. तुझा फोटो होता. मला जन्मात एक अक्षर आलं नाही, पण हे वाचता आलं.

गुरुवारच्या पहिल्या बोटीने तिघी येतो आहोत. कारखान्यात काय सांगायचं ते सांग, पण धक्क्यावर ये.

तुझ्यावरचा जीव कधी बोलून दाखवला नाही, म्हणून लिहवून घेते.
तुझी आई,
शादलिया